कुलूप कुणी लावायचं

चाचांच्या हातात कुठलाही कागद दिला, की ते आधी तो टेबलावर पालथा घालायचे. मग चष्मा काढायचे, पुसायचे आणि विचारायचे, "हा मी वाचायचा हाय का?" कागद विजेच्या बिलाचा असला तरी हाच प्रश्न. हो म्हटल्याशिवाय ते तो सुलटा करत नसत.

बहारीनमध्ये अदलियाच्या एका गल्लीत आमचं दुकान होतं. बाहेर फॅक्स, फोटोकॉपी, टायपिंग अशी पाटी. एका बाजूला कोल्ड स्टोअर, म्हणजे तिकडचं किराणा दुकान, दुसऱ्या बाजूला मल्याळी शिंप्याचं दुकान. समोरच्या बंगल्याच्या भिंतीवरून बोगनवेल बाहेर आलेली असायची आणि तिच्या सावलीत टॅक्सीवाले गाड्या लावून डुलकी काढायचे. लग्न होऊन मी कऱ्हाडहून तिकडे गेले, तेव्हा नवरा जहाजदुरुस्तीच्या कारखान्यात फिटर होता आणि दिवसभर घरात बसून मला वेड लागायची पाळी आली होती. टायपिंगच्या परीक्षा दिलेल्या होत्या. त्या जोरावर मला इथे नोकरी मिळाली. चाचा तिथले मॅनेजर.

ते श्रीवर्धनच्या बाजूच्या एका खेड्यातले. साठीकडे झुकलेले, उंच, किंचित वाकलेले. उन्हाळ्यातसुद्धा शर्टाचं वरचं बटण लावलेलं. तरुणपणी ते टेलेक्स ऑपरेटर म्हणून आले होते. टेलेक्स म्हणजे इथे टाइप केलेला मजकूर समुद्रापलीकडच्या यंत्रावर उमटवणारं मशीन. फॅक्स येण्याआधी व्यापाऱ्यांचा सगळा कारभार त्यावर चालायचा. कुणाचं जहाज अडकलं, कुणाचा सौदा फिसकटला, कुणाचे वडील वारले, सगळं चाचांच्या बोटांखालून गेलेलं. पण त्यातलं एक अक्षर त्यांच्या तोंडून कधी कुणी ऐकलं नव्हतं. मी एकदा खोदून विचारलं, तर म्हणाले, "बोटातून गेला, डोक्यात नाय थांबला." मला ते खरं वाटलं नाही. चाचांच्या डोक्यातून काही म्हणता काही जात नसे.

त्यांच्या लहरींना अंत नव्हता. न्हाव्याकडे त्यांचं नाव एक होतं, मासळीबाजारात दुसरं आणि कलिंगडवाल्याकडे तिसरं. मी हसले की ते गंभीरपणे सांगत, "कलिंगड घ्यायला नाव कशाला लागतंय?" कुणाचा फोन आला की ते उठून बाहेर जायचे, म्हणजे बोलणाऱ्याला मोकळं बोलता यावं. मी सुट्टीवरून परत आले की सगळे घरच्यांची चौकशी करायचे. चाचा फक्त "आलीस, बाय?" म्हणायचे आणि मी होऊन काही सांगायची वाट बघायचे. सांगितलं की मात्र ऐकावं कसं ते त्यांच्याकडून शिकावं. माझ्या सासूबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन त्यांनी अर्धा तास ऐकलं होतं.

नव्वदच्या दशकात इंटरनेट आलं तेव्हा आमच्या मालकाने मागच्या खोलीत कॉम्प्युटर मांडले. हा मालक म्हणजे जुन्या मालकाचा मुलगा. पांढराशुभ्र, पायघोळ अरबी थोब घालणारा, हसतमुख, घाईत असलेला तरुण. जुन्या बहारीनी व्यापाऱ्यांच्या घरातला असल्यामुळे मोडकंतोडकं हिंदी छान बोलायचा. चाचांनी त्याला चड्डीत पाहिलेलं. आम्ही सगळे त्याला अरबाब, म्हणजे मालक, म्हणायचो, चाचा मात्र कुणी नसताना 'बेटा' म्हणायचे.

चाचांनी पहिल्याच दिवशी सगळे मॉनिटर भिंतीकडे पाठ करून न ठेवता खोलीकडे पाठ करून ठेवले, म्हणजे गिऱ्हाईक भिंतीला टेकून बसेल आणि पडदा दुसऱ्या कुणाला दिसणार नाही. वायरी सगळ्या मधे आल्या. अरबाब त्यात अडखळला आणि म्हणाला की ही खोली आहे की कोळ्याचं जाळं. चाचांनी वायरींवर सतरंजी टाकली.

स्वतःचं मेलचं खातं उघडताना फॉर्ममध्ये जन्मतारीख विचारली, तर त्यांना ते फारच उद्धट वाटलं. त्यांनी खोटी तारीख भरली. महिन्याभराने पासवर्ड विसरले, खात्याने जन्मतारीख विचारली आणि खोटी कुठली भरली होती ते आठवेना. मग दुसरं खातं काढलं. त्याचंही तसंच झालं. स्वतःच्याच खात्याबाहेर उभे राहिलेले चाचा मला आजही दिसतात, पण त्या वेळी त्यांच्या चेहऱ्यावर एक प्रकारचं समाधान होतं. म्हणाले, "मना मिळत नाय म्हणजे कोनालाच मिळनार नाय."

त्यांचं तत्त्वज्ञान सरळ होतं. आपलं गुपित आपण सांभाळायचं. त्यासाठी सरकार, साहेब, कायदा, कुणाच्या तोंडाकडे बघायचं नाही. माझा नवरा कधी मला न्यायला आला की वाद घालायचा. त्याच्या कारखान्यात सुरक्षेचे नियम कडक असत. तो म्हणायचा, "चाचा, हेल्मेट घाला म्हणून कुणी सांगत नाही तोवर माणूस घालत नाही." चाचा म्हणायचे, "ज्याला डोका हाय त्याला सांगायला कशाला लागतंय?" आणि त्यांनी खोलीत एक पाटी लावली होती. इंग्रजी, अरबी, हिंदी आणि खाली मराठी: 'उठण्यापूर्वी आपलं कुलूप आपण लावा.' म्हणजे मेलमधून बाहेर पडल्याशिवाय खुर्ची सोडू नका. नवीन गिऱ्हाइकाला ते स्वतः ती पाटी वाचून दाखवायचे.

गुरुवारी संध्याकाळी गर्दी उसळायची, कारण दुसऱ्या दिवशी शुक्रवारची सुट्टी. ड्रायव्हर, कारकून, नर्सेस, हॉटेलातली पोरं. बहुतेकांना टाइप करता येत नसे. एका बोटाने रोमन लिपीत मराठी, मल्याळम, तेलुगू लिहायचे. त्या खोलीत एक वेगळीच शांतता असायची. मोडेमची किरकिर, एसीची घरघर आणि मधेच कुणीतरी पडद्याकडे बघून एकटंच हसायचं. गल्लीच्या टोकाच्या इराण्याच्या भट्टीतल्या खुबूस रोट्यांचा वास दारातून आत यायचा. आता इतक्या वर्षांनी त्या खोलीची आठवण झाली की मला आधी तो वास येतो.

त्या गर्दीत शैला यायची. हे तिचं खरं नाव नाही. ती सध्या महाराष्ट्रातच एका शहरात असते, आणि तिने मला हे लिहायची परवानगी दिली ती नाव बदलायच्या अटीवर. सलमानियाच्या मोठ्या हॉस्पिटलात नर्स होती. सांगली भागातली, माझ्याच वयाची, टापटीप. गळ्यात मंगळसूत्र. नवरा मुंबईला नोकरीला, एवढंच सगळ्यांना माहीत. दर गुरुवारी येऊन मोठ्या बहिणीला लांबलचक मेल लिहायची आणि जाताना चाचांना आदाब करून जायची.

एका हळदीकुंकवाला मी ऐकलं की शैलाचा घटस्फोट झालेला आहे. इकडे येण्याआधीच. सांगणारी बाई वाण देता देता सांगत होती. आणि नुसतं तेवढंच नाही, तर शैलाने म्हणे स्वतःच लिहिलं होतं, 'गळ्यात आहे ते आता फक्त लोकांसाठी.' ते वाक्य बायकांमध्ये हातोहात फिरत होतं. परक्या देशात एकट्या बाईला चार लोक सरळ वागवतात ते कशाच्या आधारावर, हे त्यातल्या प्रत्येकीला ठाऊक होतं. तरी फिरत होतं. शैलाला त्या दिवशी बोलावणं नव्हतं.

मी दुसऱ्या दिवशी दुकानात चाचांना सांगायला गेले. त्यांनी हात वर करून मला थांबवलं. "मना नको सांगू. तिचा तिला सांगू दे."

ती गुरुवारी आली. नेहमीच्या जागेवर बसली नाही. सरळ चाचांच्या टेबलासमोर उभी राहिली. खोली भरलेली होती. ती हळू आवाजात बोलली, पण ऐकू सगळ्यांना गेलं. ती म्हणाली की ते वाक्य तिने आयुष्यात एकदाच लिहिलं, या खोलीत बसून, बहिणीला. बहिणीने कुणाला सांगितलेलं नाही. म्हणजे ते इथून गेलं. तिने चाचांकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे. मेल वाचू शकतील अशी मराठी माणसं दुकानाच्या नोकरीत आम्ही दोघंच होतो.

चाचांचा चेहरा लालबुंद झाला. टेलेक्सच्या आयुष्यभराच्या नोकरीत त्यांच्यावर असा संशय कुणी घेतला नव्हता. ते उठून उभे राहिले आणि भिंतीवरच्या पाटीकडे बोट दाखवलं. म्हणाले, "सिस्टर, कुलूप आपला आपन लावायचा असतो."

"मी लावलं होतं," शैला म्हणाली. आणि निघून गेली.

शुक्रवार गेला. शनिवारी दुपारी दुकान बंद असायच्या वेळात चाचांनी मला थांबवून घेतलं. म्हणाले, "बाय, तुझा मेल उघड. काय लिहायचा ते लिही. मंग कुलूप लाव आनि ऊठ." मी आईला चार ओळी लिहिल्या, पाठवल्या, खात्यातून बाहेर पडले, उठले. चाचा माझ्या खुर्चीवर बसले. मॉनिटर उलटा, त्यामुळे मला फक्त त्यांचा चेहरा दिसत होता. त्यांनी मागच्या पानावर जायचं बटण दाबलं. एकदा. परत एकदा. मग त्यांनी झटकन मान वळवून भिंतीकडे पाहिलं, कुणाच्या खोलीचं दार चुकून उघडल्यावर बघतात तसं.

"तुझा आईला लिहिलेला दिसतंय," ते म्हणाले. "मी वाचला नाय. पन दिसतंय."

मीही जाऊन पाहिलं. 'आई, इकडे सगळं ठीक,' असं मी लिहिलेलं समोर होतं. मी बाहेर पडले होते, पण ते यंत्र पान आपल्याजवळ ठेवून बसलं होतं. शैलाच्या नंतर त्या खुर्चीवर जो बसला, त्याने फक्त एक बटण दाबलं असणार. मराठी वाचता येणारं, गुरुवारचं कुणीतरी गिऱ्हाईक.

चाचांनी उठून पाटी काढली. मराठीची ओळ असलेला खालचा भाग भिंतीला चिकटून राहिला, तो नखाने खरवडला.

त्यांच्या स्मरणशक्तीबद्दल मला खात्री होती, म्हणून मी विचारलं, तिच्या नंतर कोण बसलं होतं?

"माहीत हाय."

मग सांगा, म्हटलं. तिला सांगा, लोकांना सांगा. ते नाही म्हणाले. मला संताप आला. मी म्हणाले की तुम्ही चोराला पाठीशी घालताय. चाचा म्हणाले, "मी एक नाव सांगितला, का उद्यापासून हे दुकान कोन काय करतंय ते सांगनारा दुकान झाला. आज चोराचा सांगीन, परवा दुसऱ्या कोनाचा." त्यानंतर आमची दोन-तीन जुनी गिऱ्हाइकं यायची बंद झाली. चाचा त्यातल्या कुणाच्या घरी गेले होते, काय बोलले, मला आजतागायत माहीत नाही.

शैलाकडे मात्र ते मला घेऊन गेले. एकट्या पुरुषाने नर्सेसच्या वसतिगृहाच्या दारात जाणं त्यांना प्रशस्त वाटेना. फाटकाच्या आत ते गेलेच नाहीत. बाहेर फुटपाथवर, कडुनिंबाच्या एका धुळकट झाडाखाली उभे राहिले. शैला ड्यूटीच्या कपड्यांत खाली आली. गळा मोकळा होता.

चाचा म्हणाले, "सिस्टर, तुम्ही लावला होता. माझ्या दुकानात उघडा रव्हला. मी चार लोकांसमोर बोललो, ता चुकला माझा."

मला वाटलं शैला रडेल. पण ती नर्स होती, तिने सरळ विचारलं, आता पुढे काय करणार?

चाचा म्हणाले की ते स्वतः प्रत्येक गिऱ्हाईक उठल्यावर यंत्रातली पानं पुसून काढतील. कसं करायचं ते त्यांनी शिकून घेतलंय. त्यांच्या डोळ्यांसमोर आता असं होणार नाही.

"आणि तुम्ही सुट्टीवर गेलात की?" शैला म्हणाली. "चाचा, तुम्ही चांगले आहात, मला माहीत आहे. पण तुमच्या चांगुलपणावर माझं गुपित टांगलेलं नको. वॉर्डात मी सुई एकदाच वापरते, ती मी चांगली बाई आहे म्हणून नाही. नियम आहे म्हणून. मी रजेवर असले तरी पेशंट वाचतो."

चाचांनी मान हलवली. परतताना टॅक्सीत त्यांनी मला विचारलं, "तुझा नवरा ता हेल्मेटचा काय सांगत होता?"

मग अरबाबशी जुंपली. चाचांचं म्हणणं होतं की दुकानाचा नियम करायचा. दोन गिऱ्हाइकांच्या मधे यंत्र साफ करायला वेळ सोडायचा, त्याशिवाय नव्याला बसू द्यायचं नाही. कोण काय बघतं, लिहितं, याची कसलीही नोंद दुकानात राहू द्यायची नाही. आणि ते लिहून मालकाने खाली सही करायची, म्हणजे उद्या मॅनेजर बदलला तरी चालू राहील. अरबाबला हे सगळं हास्यास्पद वाटलं. गुरुवारची रांग दारापर्यंत जाते आणि हा माणूस खुर्च्या रिकाम्या ठेवायला सांगतोय. त्याने शांतपणे समजावलं की सरकारने असा काही नियम केलेला नाही. केला तर तो पाळेल. तोवर ज्याने त्याने आपलं बघावं. आणि मग हसून म्हणाला, "चाचा, यही तो तुम्हारा बोर्ड बोलता था."

मी चाचांच्या बाजूने काहीतरी बोलायला तोंड उघडलं, पण त्यांनी मला खुणेने थांबवलं.

"बोर्ड गलत था," ते म्हणाले. "मैंने निकाल दिया."

अरबाब घड्याळाकडे बघत उठला. चाचांनी त्याला पाठीमागून हाक मारली, 'बेटा' म्हणून. माझ्यासमोर पहिल्यांदाच. म्हणाले की तुझ्या वडिलांचे सगळे टेलेक्स मी पाठवले. धंद्याचे आणि घरचे. पहिल्या दिवसापासून.

अरबाब थांबला. वळला. त्याचा चेहरा एकदम लहान मुलासारखा झाला. वडील जाऊन फार वर्षं झाली नव्हती. त्याने विचारलं, "क्या लिखते थे?"

"वो तुमको कभी मालूम नहीं पड़ेगा," चाचा म्हणाले. "इसी लिए साइन करो."

मला वाटलं, आता चाचांची नोकरी गेली. मग अरबाब हसायला लागला. आधी नुसता हसला, मग डोळे पुसले, आणि "खलास, खलास" म्हणत खुर्चीवर बसला. मी नियम टाइप केला. त्याने सही केली.

पहिल्या गुरुवारी गोंधळच झाला. लोक कुरकुरले, काही पलीकडच्या गल्लीतल्या नव्या दुकानात गेले. चाचा प्रत्येक खुर्चीमागे कंबर वाकवून यंत्र साफ करत आणि पुढच्या माणसाला "यल्ला, चला" म्हणत. हळूहळू गेलेले परत आले. बाहेर कुणी विचारलं, की अदलियात कुठे बसून लिहावं, तर लोक आमचं दुकान सांगू लागले. का, ते त्यांना नीट सांगता यायचं नाही. शैलाही परत आली. मंगळसूत्र तिने पुन्हा घातलं नाही. पहिले काही महिने तिला जड गेले, लिफ्ट द्यायला उत्सुक असलेल्या गाड्या वाढल्या, बोलावणी कमी झाली. नंतर लोकांना दुसरा विषय मिळाला. एकदा ती मला म्हणाली की आता एका अर्थी बरं वाटतंय, पण हे मी ठरवून सांगितलं असतं तर आणखी बरं वाटलं असतं.

ते दशक संपता संपता चाचा गावी परतले. त्यांच्या निरोपाला अरबाबने बिर्याणी मागवली. भाषण करा म्हटल्यावर ते उठले, वरचं बटण चाचपलं आणि "शुक्रान" म्हणून खाली बसले. पुढे पाचेक वर्षांनी आम्हीही परतलो. ते दुकान आता नाही, तिथे कॉफीचं हॉटेल झालं आहे असं ऐकते.

चाचा वारल्याचं मला उशिरा कळलं. मी श्रीवर्धनला एका लग्नाला गेले होते, तेव्हा वाट वाकडी करून त्यांच्या गावी जाऊन आले. सुपारीच्या बागेत कौलारू घर होतं. चाची ओटीवर बसल्या होत्या, बारीक, गोऱ्या, चाचांपेक्षाही कमी बोलणाऱ्या. मी कोण ते सांगितलं. त्यांनी चहा केला, नारळाची वडी पुढे ठेवली. मुलं मुंबईला असतात म्हणाल्या.

थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, "तू त्यांच्यासंगती काम केलास ना? मंग मना काय तरी सांग त्यांचा. लग्नापासून ते तिकडंच होते. दोन वर्षांनी एकदा यायचे. तिकडं काय करत होते, कोन होता त्यांच्यासंगती, कधी काय बोलले नाय. मीपन नाय विचारला."

मी सांगायला सुरुवात केली. आधी चाचपडत, मग भराभर. मासळीबाजारातलं नाव आणि कलिंगडवाल्याकडचं नाव. वायरींवरची सतरंजी. स्वतःच्या खात्याबाहेर उभे राहिलेले चाचा. माझ्या सासूबाईंचं मोतीबिंदू. माझ्या नवऱ्याशी घातलेले वाद. अरबाबसमोर म्हटलेलं एकेक वाक्य मी त्यांच्या आवाजात म्हणून दाखवलं. चाची तोंडाला पदर लावून हसत होत्या. मधेच त्यांचं हसू थांबलं आणि त्या माझ्या तोंडाकडे बघत राहिल्या.

"तिकडं एवढा बोलायचे?" त्या म्हणाल्या.

बागेत कुणीतरी पाण्याचा पंप सुरू केला. चाचींनी माझा कप उचलला, त्यात आणखी चहा ओतला आणि माझ्या जवळ सरकून बसल्या.

"आनखी सांग," म्हणाल्या.